तेहेतिसावा चौकोन

माननीय राज्यमंत्री डोक्यापासून बुटांपर्यंत भिजले, आणि त्यांच्या मिशीचा काळा रंग ओघळून त्यांच्याच पांढऱ्या शर्टाच्या खिशात जमा झाला.

हे झालं. आता हे झालंच नाही असं धरून पुढे वाचा. नगरपरिषदेच्या दप्तरी तसंच आहे, आणि मी कागदाच्या विरोधात जाणारा माणूस नाही.

तर, काहीही न झालेल्या त्या दिवसाच्या दीड महिना आधी मी उद्यान अधीक्षक पिंपळखरे साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. बसायला दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर शेणखताची पिशवी होती, आणि ती माझ्याआधी रुजू झाली होती.

"नाव?"

"सुमेध गायधनी."

"गायनधनी," असं म्हणत त्यांनी लिहिलं. "वा. नावातच गाणं."

"गायधनी, साहेब."

"तेच."

माझं वय तेव्हा चोवीस. पुण्यात मी संगणकावर चित्रं जोडून संगीत तयार करायला शिकलो होतो. माझे वडील पाहुण्यांना सांगताना त्याला 'कॉम्प्युटरवरचा तबला' म्हणत आणि पाहुणे विषय बदलत. अशा माणसाला जगात कुठे नोकरी मिळत नाही, ती आमच्या गावात मिळाली. नगरपरिषदेने बागेत संगीत कारंजं बांधलं होतं. कारंजं तयार होतं, संगीत नव्हतं. मला तीन महिन्यांच्या कंत्राटावर 'तांत्रिक सल्लागार, संगीत व पाणी' असं पद मिळालं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. कारंज्याच्या फलकावरही ते चुकलेलंच आहे.

मी लॅपटॉप उघडून साहेबांना समजावलं. कारंज्याला बत्तीस तोट्या. पडद्यावर प्रत्येक तोटीचा एक चौकोन. चौकोनांना जोडणाऱ्या तारा, म्हणजे नुसत्या रेघा. स्वर एका टोकाने आत शिरतो, तारेवरून आपल्या चौकोनापर्यंत जातो, आणि तिकडे बागेत ती तोटी उडते. एकेका चौकोनाला वेगळा हुकूम देत बसायचं नसेल तर माउसने काही चौकोनांभोवती चौकट ओढायची. चौकटीत सापडले ते सगळे निळे होतात. मग त्यांची उंची वाढवा, त्यांना उचलून दुसरीकडे ठेवा, पुसून टाका. हुकूम एक, लागू सगळ्या निळ्यांना.

"म्हणजे आधी त्यांची निवड करायची," मी म्हणालो.

हा एक शब्द मी इंग्रजीत म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. 'सिलेक्ट' म्हटल्यावर पिंपळखरेंनी मान हलवून चहा मागवला असता. पण त्यांच्या डोक्यावर मराठी भाषा पंधरवड्याचा फलक जानेवारीपासून लटकत होता आणि मला वाटलं, बरं दिसेल.

"निवड?" पिंपळखरेंनी चष्मा काढला. "कोण करणार?"

"मी."

"तुम्ही कोण?"

"सल्लागार. संगीत व पाणी."

"गायनधनी, निवड ही निवड समिती करते. उद्या कुणी माहिती अधिकारात विचारलं की अमक्याची निवड कशी झाली, तर काय सांगू? पोरगा आला आणि त्याने चौकट ओढली?"

"साहेब, चौकोनांची निवड आहे."

"चौकोन कुणाचे आहेत?"

प्रश्न रास्त होता. तोट्या बत्तीस होत्या आणि नगरसेवकही बत्तीस होते. हा योगायोग कुणाच्या तरी लक्षात आला होता आणि एक तोटी एका वॉर्डाची असा ठराव माझ्या नेमणुकीच्या आधीच झाला होता.

आठ दिवसांत निवड समिती बसली. नियमात बसणारी, कोरम असलेली, शिक्का असलेली. अध्यक्ष पिंपळखरे. सचिव आस्थापना विभागाच्या गोडघाटे बाई. त्यांनी आयुष्यात कधी खोडरबर वापरला नव्हता. सत्ताधारी गटाकडून उत्तमराव चव्हाणके, विरोधी गटाकडून शकुंतलाताई रोडे. मी बाहेरचा माणूस असल्यामुळे मला माउस धरायची परवानगी होती, हलवायची नव्हती. हलवण्यापूर्वी विचारायचं.

"चौकोन क्रमांक सात," पिंपळखरे म्हणत.

"हरकत नाही," उत्तमराव म्हणत.

"मतभेद नोंदवून हरकत नाही," शकुंतलाताई म्हणत.

मग मी सातावर क्लिक करायचो. सात निळा व्हायचा. गोडघाटे बाई लिहायच्या. अशा रीतीने दोन तासांत अकरा चौकोन निळे झाले, चहा आला, शकुंतलाताईंच्या कपाचा माउसला धक्का लागला, भलतीकडे क्लिक झालं आणि सगळे चौकोन पुन्हा पांढरे.

"काय झालं?" पिंपळखरे उठून उभे राहिले.

"निवड सुटली," मी म्हणालो. "रिकाम्या जागी क्लिक झालं की सुटते."

"सुटली म्हणजे रद्द?"

"सुटली म्हणजे सुटली."

गोडघाटे बाईंनी पेन वर धरलं. "इतिवृत्तात काय लिहू? रद्द, स्थगित की तहकूब?"

अर्धा तास चर्चा होऊन 'तहकूब' ठरलं.

या सगळ्या दीड महिन्यात मला ज्याच्याशी बोलावंसं वाटे असा बागेत एकच माणूस होता, भिकाजी लोंढे. पंपचालक. बावीस वर्षं रोजंदारीवर. कारंज्याखाली जमिनीत एक खोली होती, तिला खिडकी नव्हती, तिच्यात दोन पंप होते आणि लोंढेमामा होते. पंप चालू असले की तिथे माणसाला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे.

"ह्यो पंप काळी एकमधे वाजतो, सर," त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. "भजनात पेटीवर असतो मी."

मी मोजून पाहिलं. काळी एक नव्हती, पांढरी दोन होती. पण ते इतक्या विश्वासाने बोलले की मी सगळं संगीत काळी एकमध्येच बांधलं. ते संगीत आणि पंप कधीच सुरात आले नाहीत, आणि ते कुणालाही कळलं नाही.

मामांचं काम महत्त्वाचं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्या तोट्या एकदम उडायच्या, म्हणजे दोन्ही पंप पूर्ण जोरात. त्या क्षणी परतीचा व्हॉल्व्ह उघडून जादा पाणी टाकीत परत सोडावं लागे, नाहीतर बारा फुटांऐवजी तीस फूट उडालं असतं. आणि तीस फुटांवरून खाली येणारं पाणी मंडप कुणाचा आहे हे बघत नाही. आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह मंजूर झाला होता. बसवला नव्हता. म्हणून मी खालच्या खोलीत एक लाल बल्ब लावला आणि प्रोग्रॅममध्ये त्याचा एक चौकोन केला. शेवटचा स्वर आला की तारेवरून त्या चौकोनाला खबर, बल्ब लागणार, मामा व्हॉल्व्ह फिरवणार. तालमीत सहा वेळा बल्ब लागला आणि सहाही वेळा मी 'आता' म्हणायच्या आत पाणी बारा फुटांवर थांबलं होतं.

"कसं जमतं, मामा?"

"आवो, दुसरं बघायला काय हाय हितं? बल्बच बघायचा."

चौकोनांची नावं हजेरीपटाच्या पद्धतीने लिहायची, आडनाव आधी, असा पिंपळखरेंचा आदेश होता. म्हणून बल्बच्या चौकोनाचं नाव मी ठेवलं: लोंढे भि. ग., पंप.

दरम्यान संगीताचं राजकारण झालं. मी भूप रागात एक साधी धून बांधली होती. पाच स्वर, सोपं काम. कुठल्या वॉर्डाला कुठला स्वर द्यायचा ते पिंपळखरेंनी एका कागदावर लिहून दिलं आणि मी तसा जोडला. तिसऱ्या बैठकीत शकुंतलाताईंनी पर्समधून तो कागद काढला.

"गायधनी, आमच्या पंधराच्या पंधरा वॉर्डांना मध्यम आणि निषाद?"

"हो, साहेबांनीच…"

"भूपात मध्यम आणि निषाद असतात का हो?"

पिंपळखरेंनी चष्मा पुसायला घेतला.

"नसतात," मी म्हणालो.

"म्हणजे आमच्या तोट्या कधी उडणार?"

"भूपात? नाही उडणार."

"मी विशारद आहे, पिंपळखरे," ताई थंडपणे म्हणाल्या. "पेपरला देऊ का? वर्ज्य स्वर विरोधकांना?"

पिंपळखरे माझ्याकडे वळले. "गायनधनी, सगळ्यांना सामावून घेणारा एखादा राग नाही का तुमच्याकडे?"

"बिलावल आहे. सातही स्वर शुद्ध."

"शुद्ध हा शब्द नको, कुणी दुखावेल. पण सात आहेत ना? मग तोच घ्या. सर्वानुमते."

आणि अशा रीतीने आमच्या गावात बिलावल मंजूर झाला.

आता शेवटच्या गटाची निवड राहिली होती. 'सगळे एकदम'. तिथे भांडायला काही नव्हतं, म्हणून समितीला घाई झाली. "सगळेच निवडा," उत्तमराव म्हणाले, "मला लग्नाला जायचंय." मी एकच मोठी चौकट ओढली. सगळं निळं झालं. निवडलेल्यांची यादी छापली, खाली पाच ओळींचा मजकूर टाकला, 'समितीने चर्चेअंती खालील सर्वांची निवड केली असून त्यास मान्यता देण्यात येत आहे', आणि प्रत्येकाने आपला वॉर्ड विरोधकाच्या वर आहे ना एवढं पाहून सही केली. शिक्का पडला. जावक क्रमांक पडला.

नावं तेहेतीस होती. कोपऱ्यातल्या बल्बच्या चौकोनाला माझ्या चौकटीची कड लागली होती, आणि कड लागली की तोही निळा होतो. हे माझ्या लक्षात आलं ते सह्या झाल्यावर. मला हसू आलं आणि मी काही बोललो नाही. या समितीने आजवर केलेली ती एकमेव निवड होती जिच्यात कुणाचा मतभेद नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोडघाटे बाईंनी मला आस्थापनात बोलावलं. त्यांच्यासमोर यादी होती आणि तेहेतिसाव्या नावाखाली त्यांनी पट्टी ठेवली होती.

"हे लोंढे म्हणजे आपले भिकाजी?"

मला वाटलं आता मार बसणार. "बाई, ते चुकून…"

"मी चुकून विचारलं नाही. निवड समितीच्या इतिवृत्तात नाव आहे. पुढे पदनाम आहे, पंप. सही आहे, शिक्का आहे." त्यांनी पट्टी उचलली. "रोजंदारीवरच्या माणसाला कायम करायला एवढंच लागतं. निवड समितीच बसत नव्हती. बावीस वर्षं. आता बसली."

"पण ती तर…"

"ती कशासाठी बसली ते इतिवृत्तात कुठे लिहिलंय? मी लिहिलंय, 'निवडीबाबत'. तीस तारखेला सर्वसाधारण सभा आहे. कारंज्याचं उद्घाटन अठ्ठावीसला. ते नीट झालं की कारंज्याचे सगळे विषय एका गठ्ठ्यात मंजूर होतात, कुणी वाचत नाही. मी वीस वर्षं बघतेय." मग त्यांनी आवाज अजिबात न बदलता सांगितलं, "एकतीस मेला भिकाजी साठ पूर्ण करतात. मास्तरांनी एक जून लावलाय जन्माला. त्यानंतर ब्रह्मदेवाची यादी आणलीत तरी उपयोग नाही."

मी निघताना त्या म्हणाल्या, "गायधनी, अठ्ठावीसला काही गाजवू नका."

अख्ख्या इमारतीत माझं नाव बरोबर घेणाऱ्या दोनच बायका होत्या. दुसरी विरोधी गटात होती.

मामांना बाईंनीच सांगितलं असावं. यादीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, ह्यात मी तेहेतिसावा हाय."

"हो, मामा."

"वरचे बत्तीस कोन?"

"नगरसेवक. म्हणजे तोट्या."

ते बराच वेळ यादी बघत राहिले. "चांगली मानसं हायेत," असं म्हणून त्यांनी पिशवीची घडी घातली.

अठ्ठावीस मे. संगीत कारंजं, रंगीत दिवे, आणि उद्घाटन सकाळी अकरा वाजता, कारण मंत्र्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावात दुसरं कारंजं होतं. भर उन्हात बत्तीस रंगीत दिवे लावले होते. लागलेत की नाही हे बघायला एक माणूस त्यांना हात लावत फिरत होता.

मामा खाकी गणवेशात आले. कायम झालेल्यालाच गणवेश मिळतो. त्यांनी आपला आपण शिवून घेतला होता.

"तीस तारखेला घालायचा ना, मामा?"

"मंत्री काय तीस तारखेला येनारेत?" शर्टाचं वरचं बटण लावून ते जिना उतरून खाली गेले. दोन्ही पंप सुरू झाले आणि मामांचा जगाशी संबंध तुटला.

मंचामागे मोठा पडदा लावला होता. मंत्र्यांना तंत्रज्ञान आवडतं असं कळल्याने माझ्या लॅपटॉपवरचं सगळं त्याच्यावर दिसणार होतं. मी प्रोग्रॅम उघडला. बत्तीस चौकोन, बत्तीस वॉर्ड, आणि कोपऱ्यात एक जादा: लोंढे भि. ग., पंप.

पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"हा लोंढे कुठल्या वॉर्डाचा?"

"आपल्याकडचा नाही. त्यांचा असेल."

"त्यांचा कसा? त्यांचे पंधरा मोजले मी."

दोन मिनिटांत दोन्ही गटांना खात्री पटली की लोंढे हा समोरच्यांनी फोडलेला माणूस आहे. उत्तमराव पिंपळखरेंच्या कानाला लागले. पिंपळखरे कपाळ पुसत माझ्या टेबलापाशी आले.

"गायनधनी! तो लोंढे काढा."

"साहेब, तो पंपाचा…"

"पडद्यावर रोजंदारीचा माणूस नगरसेवकांच्या रांगेत? काढा."

"काढला तर त्याच्या ताराही जातात. मग खाली…"

"मला कारणं नकोत. तुम्ही सल्लागार आहात, सल्ला देऊ नका. काढा म्हणजे काढा."

"यादीतूनही?"

"यादीवर सह्या झाल्यात. सही झालेला कागद मी मेलो तरी बदलणार नाही. पडद्यावरचा काढा!"

मी चौकोनावर क्लिक केलं. तो निळा झाला. मी त्याच्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. हार, फेटे, घड्याळं. मग मी तो पुसला.

तारा आपोआप गेल्या. प्रोग्रॅम विचारत नाही.

अकरा वाजून सात मिनिटांनी मंत्र्यांनी कळ दाबली. बिलावल सुरू झाला. वॉर्डावॉर्डातून पाणी उडालं. विरोधकांचा मध्यम उडाला तेव्हा शकुंतलाताईंनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या. आरोह झाला, अवरोह झाला, आणि शेवटच्या 'सा'वर सगळे एकदम.

पाणी बारा फुटांवर थांबलं नाही. ते वर गेलं, मंडपाच्या झालरीच्या वर, अशोकाच्या झाडांच्या वर, तिथे क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग नगरपरिषदेवर खाली आलं. सत्ताधारी आणि विरोधक असा कुठलाही भेद त्याने केला नाही. फेटे उलगडत गेले. मंत्री हसत राहिले, कारण कॅमेरा चालू होता, आणि त्यांची मिशी खाली सरकत राहिली. मागे लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. मे महिना होता. लोकांनी वन्समोअर दिला.

मीही हसत होतो. टेबलाखाली डोकं घालून, पोट धरून. एवढा आनंद मला माझ्या कुठल्याच रचनेने दिला नव्हता.

संध्याकाळी मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला. साहेब आज तुमच्या गावात आलेच नव्हते.

त्यानंतरचं काम नगरपरिषदेने आश्चर्यकारक वेगाने केलं. साहेब आले नव्हते, म्हणजे उद्घाटन झालं नव्हतं. उद्घाटन झालं नव्हतं, म्हणजे कारंजं सुरू झालं नव्हतं. बागेत पाणी का साचलं याचा एक अहवाल निघाला, 'हवेतील आर्द्रतेत अचानक झालेली स्थानिक वाढ'. फलकावर पुन्हा कापड टाकलं. आणि सुरूच न झालेल्या कारंज्यासाठी समिती कशी बसेल? एकोणतीस तारखेला इतिवृत्तं मागवून घेतली. तीसच्या सभेत कारंजं हा विषयच नव्हता.

मी धावत आस्थापनात गेलो. गोडघाटे बाईंच्या टेबलावर पट्टी होती. खाली कागद नव्हता.

"बाई, झेरॉक्स आहे ना मामांकडे?"

"आहे. झेरॉक्स कशाची, ते सांगावं लागतं."

"निवड समितीच्या…"

"अशी समिती बसल्याची नोंद नाही." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पिंपळखरे साहेब म्हणतात, भिकाजी खाली झोपले होते. मी विचारलं, मग कारवाई करायची का? तर म्हणाले, कसली? काही घडलंच नाही. एवढं एक बरं झालं त्यांचं." पट्टी सरळ करत त्या म्हणाल्या, "झोपले होते का हो?"

"मला काय माहीत, बाई," मी म्हणालो.

एकतीस तारखेला दुपारी मामा माझ्या टेबलापाशी आले. अंगात रोजचा शर्ट.

"सर, एक इचारू? दिवा लागला व्हता का?"

"लागला असेल, मामा."

"मी बघत व्हतो. डोळा लागला असं साहेब म्हनतात. लागला आसंल का? मला तर दिसत व्हता बल्ब. इझलेला."

मग मी जे म्हणालो ते मला शब्दशः आठवतं, कारण त्यात काही विनोद नव्हता. "बल्ब उडाला असेल, मामा."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत लाल बल्ब होता.

"काल घरी लावून बघितला," ते म्हणाले. "चांगला हाय."

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. तालमीत बल्बकडे बघायचे तसे, आता लागेल म्हणून.

मी लॅपटॉप बंद केला. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग बल्ब टेबलावर ठेवला, जपून, घरंगळू नये म्हणून रुमालाची चुंबळ करून, आणि गेले. त्या दिवशी ते साठ वर्षांचे झाले, कागदावर.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी पुण्यात जाहिरातींना संगीत देतो. लोक मला मजेशीर समजतात आणि मंत्र्यांच्या मिशीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मी सांगतो. एक सोडून सगळं सांगतो. चौकोन काढायचीच गरज नव्हती. नाव पुसून दुसरं काहीही लिहिलं असतं, 'दिवा', 'टिंब', 'गायनधनी', तरी चाललं असतं. पिंपळखरेंना फक्त नाव नको होतं. तारा तशाच राहिल्या असत्या, बल्ब लागला असता. तीन सेकंदांचं काम. मला ते सुचलंही होतं. चौकोन निळा असताना सुचलं होतं. अठ्ठावीस तारीख नीट गेली पाहिजे आणि का, हेही त्याच वेळी आठवलं होतं. पण समोर पहिली रांग होती, आणि मला ती ओली बघायची होती.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. फलकावर अजून कापड आहे. मामा बागेबाहेर कणसं भाजतात. त्यांनी मला ओळखलं, कणसाला मीठ-लिंबू लावलं आणि बल्बचं काही विचारलं नाही. परत आल्यावर मी एक अर्ज लिहिला. त्याची प्रत खाली देतो.

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद.

विषय: न घडलेली घटना घडली असल्याचे मान्य करणेबाबत.

महोदय, अर्जदार हा आपल्याकडे 'तांत्रिक सल्लागार, संगीत व पाणी' या पदावर होता. नऊ वर्षांपूर्वी दिनांक २८ मे रोजी सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी मा. राज्यमंत्री महोदय व सर्व सन्माननीय सदस्य पूर्ण भिजले. त्यास आर्द्रता जबाबदार नसून अर्जदार जबाबदार आहे. चौकोन क्र. ३३ अर्जदाराने समजून उमजून पुसला. श्री. भिकाजी गणपत लोंढे हे त्या वेळी जागे होते. सबब, सदर दिवस घडला होता असा ठराव सर्वानुमते करण्यात यावा, त्या अनुषंगाने निवड समितीही बसली होती असे मानण्यात यावे, श्री. लोंढे यांची जन्मतारीख योग्य तेवढी पुढे घेऊन त्यांना त्या दिवसापासून कायम समजण्यात यावे, आणि सोबत जोडलेला लाल बल्ब सभागृहात सर्व सदस्यांसमक्ष एकदा लावून पाहण्यात यावा, ही नम्र विनंती.